सगळ्यात जवळची रात्र

१४ मार्च

प्रिय दादा,

मायना घालून लिहिते आहे, याची नोंद घे. मेल असली तरी पत्र ते पत्रच, असं तुझ्या आईचं, म्हणजे आमच्या आत्याचं म्हणणं. शिवाय मायना नसलेल्या माझ्या मेलला तुझ्याकडून आठ-आठ दिवस उत्तर येत नाही, हा माझा अनुभव.

तर बातमी. तुमच्या दुर्बिणीच्या समितीने मला माझ्या धूमकेतूसाठी रात्र दिली, २६ मेची. आमचे सर म्हणाले, "अर्ज तू लिहिलास, आता ग्रेटिंगच्या सेटिंगही तूच ठरव. मी शेवटी नजर टाकेन." एवढं बोलून ते बॅग उचलून परिषदांच्या दौऱ्यावर गेले. म्हणजे आता तुझा तो जुना स्पेक्ट्रोग्राफ आणि मी, आमची आम्हीच.

काल आत्याकडे बसून तिला हे समजावून सांगत होते. ग्रेटिंग म्हणजे स्पेक्ट्रोग्राफच्या पोटातली आरशासारखी पट्टी, तिच्यावर केसाहून बारीक रेघा ओढलेल्या, उजेड पडला की त्याचे रंग वेगळे करते. आम्हाला हवा तो उजेड लाल रंगाच्याही पलीकडचा, अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा. पट्टी थोडी वळवली की त्या वर्णपटाचा एक तुकडा खिडकीत येतो, आणखी वळवली की दुसरा, सगळा एकदम कधीच येत नाही. किती वळवायची ते ठरवणं म्हणजे सेटिंग. आत्या म्हणाली, "म्हणजे गिऱ्हाईकाच्या डोळ्यापुढे भिंगं बदलत 'आता दिसतं का' विचारायचं, तेच की." तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलेल्या बाईपुढे मी काय बोलणार?

मला तीन खिडक्या हव्या आहेत: पाणी, इथेन आणि मिथेन. प्रत्येकाच्या रेघा वर्णपटात आपापल्या जागी उमटतात. त्यातही जीव मिथेनमध्ये. धूमकेतूच्या बर्फात मिथेन किती अडकलाय, त्यावरून तो किती थंडीत जन्मला ते कळतं, आणि माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच उभं आहे. मिथेन नाही मिळाला तर ते प्रकरण म्हणजे नुसती प्रस्तावना. हा पाहुणा परत येणाराही नाही. त्याची वाट सूर्याजवळून एकदाच जाते.

सेटिंग बदलायला किती वेळ धरू? आणि तुझ्या यंत्राच्या खोड्या आत्ताच सांगून टाक.

तुझी भिंगरी

२० मार्च

प्रिय भिंगरी,

अभिनंदन. मी समितीत नसतो, तेव्हा वशिला लावला असं कुणी म्हणालं तर त्याला खुशाल माझ्याकडे पाठव.

आधी कामाचं. सेटिंग बदलून, ठरावीक रेघा देणाऱ्या दिव्यांवर तपासून, पुन्हा धूमकेतूवर येईपर्यंत पाऊण तास गेला असं समज. दुसरं, हे ग्रेटिंग नेहमी मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडेच वळवायचं. ते वळवणाऱ्या चक्राचे दाते झिजलेत. उलट बाजूने आलं तर आकडा तोच दिसतो आणि खिडकी भलतीकडेच उघडते. वळवणार मीच आहे, पण तुला माहीत असावं. तिसरं, चित्राच्या उजव्या काठाला मेलेल्या ठिपक्यांचा एक डाग आहे. तिथे कुठलीही लाडकी रेघ ठेवू नकोस.

आता गंमत ऐक. २६ मेला मी इथे नसणार होतो. माझी सुट्टी २० मेपासून, आणि मी नसलो की जुना स्पेक्ट्रोग्राफ झाकून ठेवतात, कारण त्याची मर्जी सांभाळणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. जूनमध्ये दुर्बिणीचा आरसा उतरवून त्याला नवा मुलामा द्यायचाय, म्हणजे ही सुट्टी हुकली की थेट हिवाळा. समितीच्या हे लक्षातच आलं नव्हतं. मी दोन दिवस डोकं खाजवलं आणि आमच्या दीर्घिकावाल्याला गाठलं. त्याची ८ मेची रात्र तुला, तुझी २६ ची त्याला. त्याला दुसरं यंत्र चालतं. वेधशाळेच्या मुख्य बाईंनी होकारही दिला.

आणि ८ मे म्हणजे कुठली रात्र, तर तुझा धूमकेतू पृथ्वीच्या सगळ्यात जवळ असेल ती. २६ पेक्षा दुप्पट तेज, आकाशातही बराच वेळ. अर्जात तू मेअखेर का मागितली होतीस कोण जाणे, तोवर तो लांब पळत सुटलेला असेल. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं? तुझं कामही झालं, माझी सुट्टीही वाचली. दहा वर्षांत इतकी चोख अदलाबदल मी केलेली नाही. आईला फोन करून सांगितलंय, दोन वर्षांनी येतोय, उंबऱ्यापासून गाऱ्हाणी सुरू करू नकोस.

तुझा दादा

२९ मार्च

प्रिय दादा,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. माझ्यासाठी एवढी धावपळ दुसऱ्या कुणी केली नसती, हे मनापासून लिहिते.

आत्याने तुझी खोली रिकामी करायला घेतली आहे. दुकानातल्या चष्म्यांच्या जुन्या फ्रेमा तिथे खोक्यांत होत्या, त्या आता बैठकीत आल्यात, त्यामुळे पाहुण्यांना बसायला एकच खुर्ची उरली आहे. भिंतींना फिकट पिवळा रंग दिला. रंगारी म्हणाला हिरवा छान दिसेल, तर त्याला म्हणाली, "तुला राहायचंय की माझ्या मुलाला?" गादीही नवी आणली. रोज संध्याकाळी ती तिथे जाऊन खिडकी उघडते आणि थोड्या वेळाने बंद करते.

सेटिंगची फाइल सोबत आहे. पाणी आणि इथेन, दोन खिडक्या. मिथेनचं नंतर बघू.

तुझी भिंगरी

१० एप्रिल

भिंगरी,

मिथेनचं नंतर बघू म्हणजे काय? नंतर कधी, तो परत फिरून येईल तेव्हा? तूच लिहिलंस ना, तो परत येत नाही म्हणून.

फाइल मी नीट पाहिली. ८ मेला तीन काय, चार खिडक्या बसतील इतका वेळ आहे. तुझ्या अर्जाचं पहिलं वाक्यच मिथेनवर आहे. मग आता त्याने काय घोडं मारलं? सरांनी घाबरवलं का? की मिथेन मिळाला नाही तर प्रबंधात 'मिळाला नाही' असं लिहावं लागेल, त्यापेक्षा शोधलाच नाही म्हणणं बरं, असा काही शहाणपणा सुचलाय? तसं असेल तर मला वाईट वाटेल. लहानपणी माझ्या पाठीवर बसून माळ्यावर चढणारी पोरगी ही नव्हे.

फाइल परत पाठवतोय. मिथेन घालून धाड.

दादा

१३ एप्रिल

प्रिय दादा,

सरांचा यात काही संबंध नाही. मिथेनच्या रेघा कमकुवत असतात, यंत्र जुनं आहे, हवेचा भरवसा नाही. दोन गोष्टी नीट मिळाल्या तर तीन अर्धवट गोष्टींपेक्षा बऱ्या. इथेनवरही प्रकरण लिहिता येतं. थोडं लहान होईल एवढंच.

रागावू नकोस. तू २० तारखेला येच. आत्याने पडदेही शिवायला टाकलेत.

भिंगरी

१५ एप्रिल

चि. राजास,

फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. भिंगरीने मला शपथ घातली आहे. पण शपथ तिने घातली, मी घेतली नाही, तेव्हा मला ती लागू नाही.

ती गेले पंधरा दिवस तोंड पाडून फिरते आहे. काल माझ्याकडे टेबलावर कागद पसरून बसली होती. मी म्हटलं, तुझा तो धूमकेतू एवढा जवळ येतोय, दादाने रात्रही मिळवून दिली, मग चेहऱ्याला काय झालं? तर जे सांगितलं ते असं. चुकलं तर तू दुरुस्त करून वाच.

मिथेन आपल्या हवेतही आहे. धूमकेतूतला मिथेन जिथे रेघ उमटवतो, नेमकं तिथलाच उजेड आपल्या हवेतला मिथेन गिळून टाकतो. म्हणजे आपल्याच हवेच्या पडद्याआड तो लपतो. धूमकेतू वेगाने लांब जात असला की त्याच्या रेघा जराशा बाजूला सरकतात, पडद्याच्या काठाबाहेर येतात आणि दिसतात. पण सगळ्यात जवळ असतो त्या रात्री तो येतही नसतो आणि जातही नसतो. त्या रात्री रेघा बरोबर पडद्यामागे. तेज कितीही असो, मिथेन दिसणार नाही. म्हणून तिने मेअखेर मागितली होती. येताना दिसला असता, पण तेव्हा तो सूर्याच्या उजेडात आहे म्हणे. पाणी आणि इथेन यांच्या तिला हव्या त्या रेघा हवा गिळत नाही, ते कुठल्याही रात्री मिळतात, म्हणून तेवढेच तिने ठेवले.

मी म्हटलं, मग सांग त्याला. तर म्हणाली, "त्याने किती हौसेने केलंय, आत्या. आणि २६ परत घेतली तर तो हिवाळ्यापर्यंत येणार नाही. तू भिंतींना रंग दिलास." रंगाचं काय घेऊन बसलीस म्हटलं, रंग काही उडून जात नाही.

मला तू इथे हवा आहेस, हे लिहायला मला लाज वाटत नाही. दोन वर्षं दार वाजलं की आधी तूच मनात येतोस. पण पोरीचं काम बुडवून तू आलास आणि हे माहीत असून मी तुला वाढत बसले, तर मला घास उतरायचा नाही. तेव्हा ती अदलाबदल मोड.

आणि मी येते तिकडे. डॉक्टरांना विचारलं. दुर्बिणीपर्यंत नको म्हणाले, वर हवा विरळ, पण तुमची वस्ती डोंगराच्या मध्यावर आहे, तिथवर हरकत नाही. गुडघे इथेही दुखतात, तिथेही दुखतील. तू कधी ये म्हणाला नाहीस म्हणून मी आले नव्हते, एवढंच. माझी खोली कोरडी असू दे.

तुझी आई

१८ एप्रिल

प्रिय भिंगरी,

आईचं पत्र आलं. तिच्यावर चिडू नकोस, कायद्याने ती बरोबर आहे.

मी आधी खूप हसलो आणि मग तुझा अर्ज पुन्हा उघडला. माझी गिऱ्हाईकं म्हणजे तारे आणि दीर्घिका. ती काही जवळ येत नाहीत, त्यामुळे जवळ म्हणजे चांगलं एवढंच गणित मी केलं. अर्जाच्या दुसऱ्या पानावर तू सगळं लिहिलं होतंस, आकृती काढून. मी पहिल्या पानावरच खूश होऊन धावत सुटलो होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. इथे सगळ्यांना सांगितलं. मुख्य बाई म्हणाल्या, तरी मी विचार करतच होते. त्या काही विचार करत नव्हत्या.

पण तुलाही सांगतो, खोटं बोलायचं तर नीट बोलावं. 'मिथेनच्या रेघा कमकुवत असतात' हे मला, त्या यंत्रावर दहा वर्षं काढलेल्याला? मी तुझ्या धीराबद्दल नको ते लिहिलं आणि तू ते मुकाट गिळलंस, माझ्या सुट्टीपायी. मला फार वाईट वाटलं आणि फार बरंही वाटलं. पुन्हा असं करू नकोस. माझं चुकलं तर तोंडावर सांग, मी मोडत नाही.

दीर्घिकावाल्याने ८ मे आनंदाने परत घेतली. २६ तुझी, मी इथेच. पण आता हिशेब बदलला. तेज निम्म्यावर आलेलं असेल, आणि सूर्य मावळल्यावर धूमकेतू पश्चिमेला जेमतेम अडीच तास राहील. पाऊण-पाऊण तास सेटिंग बदलत बसायला वेळच नाही. एकच खिडकी. कोणती, ते तू ठरव.

आईची खोली कोरडी आहे. मी स्वतः पाहून आलो. तिला मी कधीच ये म्हणालो नव्हतो, हे मला तिचं पत्र वाचल्यावर कळलं.

दादा

४ मे

प्रिय दादा,

ठरवलं. ठरवायला सोळा दिवस लागले आणि आमच्या खोलीतल्या फळ्यावर आता दुसऱ्या कुणाला लिहायला जागा नाही.

सर परवा परतले. त्यांचं म्हणणं, मिथेन आणि इथेन खिडकीच्या मधोमध ठेव, पाण्यावर पाणी सोड. चक्र थोडं ढळलं तरी हातातलं जाणार नाही. मी म्हटलं, पण पाण्याशिवाय मिथेन जास्त की कमी हे कशाच्या मानाने सांगायचं? बर्फ मुळात पाण्याचा. ते म्हणाले, पाणी दुसऱ्या कुणाच्या मोजणीवरून घे. दुसऱ्याचं पाणी दुसऱ्या दिवसाचं. धूमकेतू रोज सारखीच वाफ उधळत नाही.

म्हणून प्रत्येकाच्या सगळ्या रेघांचा हट्ट सोडून मी एकच खिडकी अशी सरकवली आहे: पाण्याच्या दोन रेघा डाव्या काठावर, त्यांच्या पुढे इथेन, मिथेन मध्याच्या जरा उजवीकडे, आणि तुझा तो मेलेला डाग जिथे आम्हाला काहीच नको अशा रिकाम्या जागी. सगळं बसतं, पण काठावर फार थोडी जागा उरते. इकडे ढळलं तर पाणी बाहेर, तिकडे ढळलं तर मिथेनची शेवटची रेघ डागात.

सरांनी फळ्यावरचे आकडे पुन्हा मोजून पाहिले. म्हणाले, "जुगार आहे. पण रात्र तुझी, खिडकीही तुझी. बुडाली तर माझ्याकडे रडत येऊ नकोस." मी सांगितलं, माझा दादा आहे त्याला.

चक्र एवढं अचूक बसवता येईल का, खरं सांग. नसेल तर सरांचं ऐकते.

आत्याने दोन स्वेटर विणले, दोन्ही तुझे. तिला स्वतःला एक तरी घे म्हटलं तर म्हणते, तिथे तोच मला त्याचा देईल.

भिंगरी

५ मे

भिंगरी,

बसवेन. सरांचं ऐकू नकोस.

दादा

२७ मे

प्रिय भिंगरी,

काल तू पडद्यावर आमच्यासोबत होतीसच, पण तुला फक्त आकडे दिसत होते. खोली दिसत नव्हती, म्हणून लिहितो.

आई आली त्याला पाच दिवस झाले. पहिल्या दिवशी झोपून राहिली, दुसऱ्या दिवशी वस्तीत फिरली, तिसऱ्या दिवशी मुख्य बाईंचा चष्मा नाकावरून घसरतो हे तिला बघवेना. पर्समधून बारीक पेचकस काढला आणि दांड्या कसून दिल्या. आता तिच्या दाराशी रांग लागते. दीर्घिकावाला चक्क आपला जुना चष्मा शोधून घेऊन आला, जो चांगला होता.

काल संध्याकाळी वस्तीतल्या नियंत्रण कक्षात ती माझ्या मागे बसली होती, माझा स्वेटर घालून. मी ग्रेटिंग वर नेऊन खाली आणलं आणि दिवे तपासले. किंचित ढळलं होतं. पुन्हा वर, पुन्हा खाली, तरी नाही. सूर्य मावळून गेला होता, तुझी मिनिटं जात होती. आई म्हणाली, "घाई केलीस की स्क्रू पिळतो." तिसऱ्यांदा अगदी सावकाश आणलं, आणि दिव्याची रेघ तू सांगितलेल्या जागी येऊन बसली. मग धूमकेतू मावळेपर्यंत मी त्या चक्राला हात लावला नाही, कुणाला लावूही दिला नाही.

मध्ये थोडा वेळ विरळ ढग आले, ते तू पाहिलेस. बाकी आकाश साफ होतं. पाणी आलंय, अगदी काठावर, पण आत. इथेनही दिसतो. मिथेनचं मात्र मला सांगता येत नाही. आपल्या हवेचे काळे पट्टे एवढे जाड आहेत की कच्च्या चित्रात त्यांच्या कडेला काही आहे की डोळ्यांचा भास, समजत नाही. आईने चष्मा पुसून पाहिलं आणि म्हणाली, आहे. तिचं मत धरू नकोस, तिला तू बोबडं बोलायचीस तेव्हाही फार हुशार वाटायचीस.

आता सगळं तुझ्या हातात. आई जूनभर राहतेय. आरसा उतरवून वस्तीत आणतील तेव्हा तिला तो बघायचा आहे. आणि खरं सांगायचं तर तिने जावं असं मलाही वाटत नाही. सकाळी उठलो की चहाच्या दोन कपांचा आवाज येतो, तो ऐकत मी थोडा वेळ पडून राहतो.

दादा

१२ जून

प्रिय आत्या आणि दादा,

हे पत्र क्रमाने वाचा. आत्या, शेवटाकडे उडी मारायची नाही.

पंधरा दिवस मी आपल्या हवेचा हिशेब वजा करत होते. शेजारच्या एका साध्या ताऱ्याचा वर्णपट घ्यायचा, त्यातून आपल्या हवेने कुठे किती उजेड गिळला ते काढायचं आणि धूमकेतूच्या चित्राला तेवढी भरपाई करायची. पहिल्यांदा केलं तर सगळीकडे मिथेन दिसला, भिंतीवरसुद्धा. ती माझीच चूक होती, तारा नीट जुळवला नव्हता. दुसऱ्यांदा केलं तर कुठेच काही नाही. त्या दिवशी मी सरांशी बोलले नाही, माझ्या आईशीही बोलले नाही, घरी येऊन झोपले. दादा, तुला फोन करणार होते, पण तुझ्याकडे रडायचं एकदाच असतं, ते खात्री झाल्यावरच वापरावं असं ठरवलं.

आज दुपारी तिसऱ्यांदा केलं. तू वळवलंस तसं, सावकाश. आपल्या हवेच्या काळ्या पट्ट्याच्या उजव्या कडेला एक लहानसा उंचवटा दिसला. उंचवटे कशानेही येतात. म्हणून दुसरी रेघ पाहिली. तिथेही उजव्या कडेलाच. तिसरी, चौथी. प्रत्येक ठिकाणी तेवढंच सरकलेलं, त्या संध्याकाळी धूमकेतू ज्या वेगाने आपल्यापासून लांब चालला होता, बरोबर तेवढंच. सरांना बोलावलं. त्यांनी खुर्ची ओढली, पाण्याच्या रेघांवर बोट ठेवलं, मग मिथेनवर, आणि म्हणाले, "खिडकी चांगली निवडलीस." ते असं दोन-तीन वर्षांतून एकदा म्हणतात.

मग मी पायांत चपला अडकवल्या आणि सवयीने तडक आत्याकडे निघाले. कुठलीही बातमी मी आधी तिला सांगते, शाळेत होते तेव्हापासून. कोपऱ्यावरून वळले, फाटक उघडलं, हाकही मारली. दाराला कुलूप होतं. आत्या, तू तिथे आहेस हे मला माहीत होतं ग, तरी पाय इकडेच आले. जरा वेळ उभी राहिले. वाईट नाही वाटलं, खूप आनंद झाला होता आणि तो धरायला जवळ कुणी नव्हतं, एवढंच. मग पायरीवर बसले आणि तुम्हा दोघांना लिहायला घेतलं.

मिथेन आहे.

तुमची भिंगरी